न चाखलेली साल

बागेतली पाटी चुकीची होती. एवढंच झालं. आमच्या कॉलनीच्या बागेत हौशी मंडळींनी मागच्या आठवड्यात झाडांना पाट्या लावल्या, हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, आणि सकाळी फिरताना मुखरू प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायचा. मुखरू कोळसा खाणीतून निवृत्त झालेला, माझ्याच वयाचा. चंद्रपूरला मुलाकडे राहायला आल्यापासून मला मिळालेला हा एकच सोबती. चौथ्या फेरीला कोपऱ्यातल्या झाडाखाली थांबून त्याने वाचलं, "पांढरा कुडा." मी वर पाहिलं. डिसेंबर लागला होता, अर्धी पानं गळाली होती, शेंगा जोडीजोडीने लटकत होत्या आणि प्रत्येक जोडीची खालची टोकं एकमेकांना चिकटलेली होती. मी म्हणालो, "हा काळा कुडा हाय." तो म्हणाला, "काऊन? पाटीवर तं पांढरा लिवलं हाय." मी म्हणालो, "पाटी चुकली. पांढऱ्याच्या शेंगा सुट्या राहते. ह्या पाय, टोकाले जुळून हायेत." मुखरू हसला. "तुमी गार्ड लोक रिटायर झाले तरी झाडाची झडती घेतल्याबिगर तुमाले चैन नाई पडत." मीही हसलो. मग चालता चालता, काही मनात नसताना, त्याने विचारलं, "अन शेंगा नसत्या तं?" मी लगेच उत्तर दिलं, कारण तीस वर्षं वनरक्षकाची नोकरी केली आणि असली उत्तरं माझ्या तोंडात तयार असतात. मी म्हणालो, "मंग साल चाखायची. पांढऱ्याची कडूजहर, काळ्याची नाई." एवढं बोललो आणि माझे पाय थांबले. मुखरू चार पावलं पुढे गेला, वळला, म्हणाला, "काय झालं? काटा रुतला का?" मी हो म्हणालो.

पाचवी फेरी मी मारली नाही. घरी आलो. मुलगा राजदीप आणि सूनबाई कामावर गेले होते. ओट्यावर माझ्यासाठी झाकलेला चहा होता, तो तसाच ठेवून मी खुर्चीवर बसलो. मार्च महिना आठवत होतो. तसा तो रोजच आठवायचा, पण आज वेगळ्या बाजूने. माझी बायको कमला मे महिन्यात गेली. तिच्या छातीत गाठ होती. डिसेंबरपासून दर तीन आठवड्यांनी चंद्रपूरच्या दवाखान्यात तिला सलाइनमधून औषध द्यायचे. तेव्हा आम्ही आलापल्लीलाच राहायचो, नोकरीत असताना बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात. औषध घ्यायला यायचं, रात्री राजदीपकडे थांबायचं, दुसऱ्या दिवशी परत. मार्चमध्ये चौथं सलाइन झालं आणि घरी पोचल्यावर तिला जुलाब लागले. दवाखान्याच्या गोळ्या होत्या, त्यांनी एक दिवस कमी झाले, मग पुन्हा सुरू. नऊ दिवस. दिवसातून पंधरा वेळा मी तिला धरून न्यायचो आणि धरून आणायचो. नवव्या दिवशी ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "आता मले गाडीत नका घालू. इतक्या दूर मी नाई जाऊ शकत." तेव्हा मी सोमारीकडे गेलो.

सोमारी नाल्यापलीकडच्या गावात राहते. झाडपाल्याचं औषध देते, गोंडांच्या घरचंच जुनं ज्ञान, तिच्या सासूकडून आलेलं. माझी तिची ओळख चांगली नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षांत साल काढताना मी तिला पकडलं होतं आणि तिचा विळा जप्त केला होता. पण तिने मला दारातून परत पाठवलं नाही. सगळं ऐकून घेतलं, किती दिवस, किती वेळा, पोटात कळ येते का, रक्त आहे का. मग एकटीच नाल्याकडे गेली, आणि मी दुरून पाहिलं, तिने झाडाच्या बुडाशी तांदळाचे दाणे ठेवले, हात जोडले, आणि मगच विळा लावला. पळसाच्या पानात बांधून साल माझ्या हातात दिली. म्हणाली, "कुड्याची हाय. उकळून, गाळून, दोन चमचे, दिवसातून तीनदा. अन एक ध्यानात ठेवजा. दुसऱ्यानं चाखायचं नाई. निरोग्या मानसानं चाखलं का गुण त्याच्याच पोटात जाते, बिमाराले काई उरत नाई." आमचं घर बावीस प्रतिज्ञा पाळणारं. असल्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आलो. त्या नवव्या दिवशी मी कशालाच हसत नव्हतो. मी चाखलं नाही. बोटाला लागलेलं पाणीसुद्धा धोतराला पुसलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पंधराचे तीन झाले. दोन दिवसांची साल संपली. पुन्हा गेलो तर सोमारी भाचीच्या लग्नाला मुलचेऱ्याकडे गेलेली. सुनेला काही माहीत नव्हतं. मी दारात उभा राहून विचार केला, अरे, कुडाच तर आहे. आपण तीस वर्षं जंगल राखलं. सागाच्या लाकडाचं वय कापावरून सांगतो, बिबट्या कुठल्या बाजूने गेला ते सांगतो, आणि कुड्याच्या सालीसाठी बाईची वाट पाहायची? नाल्यात उतरलो. मार्चमध्ये कुड्याला पान नसतं, शेंग फुटून गेलेली असते. खोड तेवढं उभं. वळणावर एक झाड दिसलं, कुडाच असेल म्हणून खिशातल्या चाकूने हातभर पट्टी काढली. पांढरा चीक आला. चीक दोघांनाही येतो. मला ते माहीत होतं, पण तेव्हा चीक पाहून मला बरं वाटलं. तांदूळ वगैरे काही ठेवला नाही. आजूबाजूला पाहिलं मात्र, कारण साल काढताना दुसऱ्यांना मी दंड केलेला होता. घरी येऊन उकळली, आणखी दोन दिवस दिली. जुलाब थांबले. तीन आठवडे कमला बरी होती. अंगणात खाट टाकून बसायची, वरणभात खायची, शेजारणीच्या कोंबड्यांना शिव्या द्यायची. मग एप्रिलच्या मध्यात एका सकाळी मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं तर पांढऱ्या जागी पिवळं होतं.

म्हणजे कावीळ. म्हणजे लिव्हर. हा हिशोब मी आठ महिने रोज करत होतो, पण त्यात सालीचं नाव नव्हतं. साल म्हणजे सोमारीची, कुड्याची, शेकडो वर्षं लोक घेत आलेले. आज बागेत पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की शेवटच्या दोन दिवसांची साल कशाची होती हे मला माहीत नाही. काळ्या कुड्याची असेल. की तोही नसेल. नाल्याच्या काठी, पानं नसलेल्या दिवसांत, घाबरलेल्या माणसाने कशाला चाकू लावला असेल कोण सांगणार. आणि ओळखायचा जो एक साधा उपाय होता, जिभेवर ठेवून पाहायचा, तेवढाच मी केला नाही. मी तिचा चेहरा आठवायला लागलो. स्टीलचा लहान पेला, तिची दोन्ही हातांची ओंजळ, आणि ती पिते आहे. पहिल्या दोन दिवसांचा चेहरा, नंतरच्या दोन दिवसांचा चेहरा. कडू पिताना माणसाचं नाक आक्रसतं, खांदे वर जातात. कमलाचे कधीच गेले नाहीत. तिने आयुष्यात कशालाच तोंड वाकडं केलं नाही, करपलेल्या भाजीला नाही, माझ्या आईला नाही. शिवाय सलाइनने तिच्या जिभेची चव गेली होती, सगळं मातीसारखं लागते म्हणायची. मी एकदा विचारलं होतं, तिसऱ्या दिवशी की चौथ्या, "कडू हाय का वो?" ती म्हणाली होती, "गरम हाय." बस, एवढंच. गरम आहे. दोन दिवस मी हे दोन शब्द उलटेसुलटे करत बसलो. कडू असतं तर ती कडू म्हणाली असती. की जे कळत होतं तेवढंच तिने सांगितलं? की मी विचारलेल्याला टाळलं? सूनबाईने विचारलं, बाबा, जेवण का नाही गेलं. मी म्हणालो, दाढ दुखते.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. बाकावर नंबर लावून बसलो, जसे आम्ही दोघं बसायचो. बाजूची जागा रिकामी होती, तिथे एका मुलीने पिशवी ठेवली. मला आठवलं, पहिल्या सलाइनला कमलाने बाटलीकडे बघून डॉक्टरबाईंना विचारलं होतं, "हे कशाचं पानी हाय?" रीना मॅडम तरुण, पण कधी घाई करत नसत. त्या म्हणाल्या होत्या, हे औषध पहिल्यांदा परदेशातल्या एका झाडाच्या सालीत सापडलं. कमला माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे सालच हाय नं. मंग येवढ्या दूर काऊन आनलं तुमी मले? आपल्या जंगलात का साली कमी हायेत?" नर्ससुद्धा हसली होती. सोमारीकडे जाताना तेच वाक्य माझ्या पाठीशी होतं. आणि दर खेपेला मॅडम विचारायच्या, बाहेरचं काही देता का, झाडपाला, काढा, पुडी? मार्चपर्यंत नाही हे खरं होतं. एप्रिलमध्ये त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हाही मी नाही म्हणालो. कमला बाजूलाच बसली होती. ती वर पंख्याकडे बघत राहिली. तिने मला खोटं पाडलं नाही.

नंबर आला. मी आत जाऊन उभाच राहिलो. मॅडमनी ओळखलं. "बसा काका. तुम्हाला काही त्रास?" मी म्हणालो, "मी खोटं बोललो होतो. साल दिली होती तिले. चार दिवस." त्यांनी पेन खाली ठेवलं. "कशाची?" "दोन दिवस कुड्याची. दोन दिवस... नाई सांगता येत." त्या जरा रागानेच म्हणाल्या, "काका, मी तुम्हाला किती वेळा विचारलं." "पाचदा." "मग?" मी म्हणालो, "तुमी बंद करा म्हनलं असतं. अन तिचे जुलाब थांबले होते." त्यांनी कपाळावर हात घासला. म्हणाल्या, "मी बंद करा म्हटलं असतं, हे खरं. किंवा चालू द्या, पण रक्त तपासू म्हटलं असतं. आम्ही ज्या सालीचं औषध देतो ना, त्यातून एकच गोष्ट वेगळी काढून, किती दिली तर उपयोग आणि किती दिली तर घात, हे शोधण्यात लोकांची वर्षं गेली. झाडाचं आहे म्हणून मी नाही म्हणत नाही. माहीत नाही म्हणून नाही म्हणते." मी म्हणालो, "कावीळ त्याच्यानं झाली का?" हे बोललो आणि मला वाटलं, झालं, विचारून टाकलं. त्यांनी संगणकात कमलाचं नाव शोधलं. ते सापडायला वेळ लागला नाही याचं मला आश्चर्य वाटलं. ती अजून तिथे होती. मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवला. "हा फेब्रुवारीचा स्कॅन. ह्या लिव्हरवर दिसतात त्या गाठी. तेव्हाच होत्या, तुमच्या सालीच्या महिनाभर आधी. हा एप्रिलचा. बघा केवढ्या झाल्या. कावीळ ह्यांची आहे काका." "फेब्रुवारीत होत्या?" "मी राजदीपला सांगितलं होतं." मी विचारलं, "अन सालीनं त्या वाढल्या असतील?" त्या म्हणाल्या, "मला तसं वाटत नाही. चार दिवस, दोन दोन चमचे. पण जी वस्तू मी पाहिली नाही, जिचं नाव तुम्हालाही माहीत नाही, तिची मी शपथ घेणार नाही. झाड कोणतं ते कळलं तर येऊन सांगा. मी लिहून ठेवते. दुसऱ्या कोणाच्या कामाला येईल."

संध्याकाळी राजदीपने चपला काढायच्या आत मी त्याला विचारलं, "फेब्रुवारीत तुले माहीत होतं?" तो दारातच थांबला. म्हणाला, "हो बाबा." "अन मले?" "आईनं नाई म्हनलं. म्हने, बाबाले सांगू नको, ते रातभर जागतील अन दिवसा मले गाडीत नीट धरून नेनार नाई." मग तो आत येऊन माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसा. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणजे तिला माहीत होतं. अंगणात खाट टाकून कोंबड्यांना शिव्या देताना तिला माहीत होतं. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. छातीवरून एक मोठं लाकूड उचलल्यासारखं वाटलं, आणि त्याच वेळी कळलं की खाली अजून एक लहान लाकूड आहे, ते तसंच आहे. गाठी आधीपासून होत्या, ठीक. पण मी तिला काय पाजलं? शेवटच्या दिवसांत माझ्या हाताने तिच्या पोटात काय गेलं? मी राजदीपला सांगितलं, उद्या आलापल्लीला जाऊन येतो, घराला कुलूप आहे, पाहून येतो.

गोंडपिपरी, आष्टी, मग पुलावरून वैनगंगा. ह्या रस्त्याने मी तिला पाच वेळा नेलं होतं आणि प्रत्येक वळण मला तिच्या ओकारीने पाठ होतं. आलापल्लीला उतरून घराकडे गेलोच नाही, सरळ नाल्याची वाट धरली. ऊन होतं पण अंगाला लागत नव्हतं. चालताना मनात असं आलं की झाड सापडूच नये. कोणी तोडलेलं असावं, पुरात गेलेलं असावं. मग मला कायम म्हणता येईल, काय माहीत. आठ महिने मी असाच राहिलो होतो, त्याची सवय झाली होती, आणि तिची आठवण काढायची तर ह्याच वाटेने काढायची एवढं मला माहीत होतं. गुन्हा असला की रोज तिच्याकडे जायला एक काम असतं. हे मला तेव्हा असं शब्दांत कळलं नाही, पण पाय हळू पडत होते. झाड वळणावरच होतं. हातभर पट्टीची जखम होती, कडा दोन्हीकडून फुगून आत येत होत्या, मधली जागा अजून उघडी, तपकिरी. माझ्याच हातची. असली वेडीवाकडी पट्टी सोमारीने काढली नसती. मी वर पाहायच्या आधी खोडावर हात ठेवला आणि काही वेळ खालीच बघत राहिलो. मग पाहिलं. शेंगा होत्या, पुष्कळ होत्या, आणि सगळ्यांची टोकं जुळलेली होती.

काळा कुडा. मी चाकू काढला, जखमेच्या बाजूने नखाएवढी साल घेतली आणि तोंडात टाकली. चावली. तंतू तंतू झाले, थोडा तुरटपणा, मग काहीच नाही. जरा गोडसरच. पांढऱ्याची साल अशी चावली असती तर मला थुंकावं लागलं असतं. मी ती पूर्ण चावून गिळली. म्हणजे तिला हे लागलं होतं, किंवा एवढंही लागलं नव्हतं. गरम पाणी लागलं होतं. तिने खरं तेच सांगितलं होतं. मी चुकलो होतो, तीस वर्षांच्या जंगलात एवढी साधी चूक. खोडाला पाठ लावून मी खाली बसलो. पोटात खड्डा पडला होता आणि तो भुकेचा होता. तीन दिवस मी नीट जेवलो नव्हतो.

सोमारी अंगणात टोपलीतला हिरडा निवडत होती. मला पाहून उठली नाही. म्हणाली, "आले का गार्डसाहेब. लय दिवसानं." मी म्हणालो, "बाई गेली." ती म्हणाली, "समजलं होतं मले. बरं झालेल्या मानसाच्या घरून कोनी नं कोनी येतेच, नारळ घिऊन, लुगडं घिऊन. तुमी आलेच नाई, तवाच समजली." तिने निवडायचं थांबवलं आणि बसायला पाट सरकवला. मी बसलो आणि सगळं सांगितलं. साल संपली, तू लग्नाला गेली होतीस, मी नाल्यात उतरलो. तिने विचारलं, "कोन्या झाडाची काढली?" "वळणावरच्या." ती माझ्याकडे बघत राहिली. "तो तं काळा हाय." "हो. आता पाहून आलो." "तीस साल वर्दी घालून फिरले, गरिबाचे विळे नेले, अन कुडा नाई वळखला?" मी म्हणालो, "पानं नव्हती त्याले." ती म्हणाली, "मानसाच्या अंगावर कपडे नसले तं तुमी त्याले वळखत नाई का?" आणि हसली. दात नसलेलं तोंड उघडून, टोपली हलेपर्यंत हसली. तिची सून आतून डोकावली. मला राग यायच्या आधी माझंच हसू फुटलं. आठ महिन्यांत असा आवाज माझ्या गळ्यातून निघाला नव्हता, तो मला खोकल्यासारखा वाटला.

हसणं ओसरल्यावर मी विचारलं, "सोमारीबाई, खरं सांग. त्याच्यानं तिचं काई बिघडलं का?" ती म्हणाली, "काळ्या कुड्यानं? त्याच्या फुलाची भाजी खातो आमी. दाढ दुखली का त्याचाच पाला चावतो. तुमाले का माहीत नाई?" मला माहीत होतं. तीस वर्षं माहीत होतं, गावोगाव बायकांना ती फुलं खुडताना पाहिलं होतं, एकदा खाल्लीही होती. पण बागेत पाय थांबले तेव्हापासून त्यातलं काही आठवलं नव्हतं. जहर एवढं एकच आठवत होतं. फूल वेगळं आणि साल वेगळी हे मला कळतं. मॅडमना जाऊन नाव सांगायचं आहे, त्या लिहून ठेवतील, आणि त्या जे म्हणतील ते ऐकायचं आहे. थोडी शंका उरेल. उरू दे. सोमारी म्हणाली, "जुलाब तं माझ्या सालीनं दुसऱ्याच दिवशी बसले होते ना? मंग तुमच्यावाल्याचं काय, पानी उकळून पाजलं समजा." मग टोपलीकडे वळून, हात कामाला लावत म्हणाली, "अन कडू नाई लागलं तिले, ते बरंच झालं. माझं लय कडू राहते. पेताना लोकं मले माय-बापावरून शिव्या देते."

सुनेने वाटीत पेज आणून दिली, कोमट, मीठ घातलेली. मी दोन वाट्या प्यालो. ऊन झाडांच्या मागे सरकलं होतं. परतीची बस होती, पण मला उठावंसं वाटत नव्हतं. सोमारीने विचारलं, "कशी होती वो बाई?" मी सुरू केलं, "शेवटी शेवटी लय हाल..." तिने हात उचलून थांबवलं. "शेवटचं नाई इचारलं. पयलेचं सांगा."

पहिलं. मला वाटलं, काही येणारच नाही, पेला आणि ओंजळ सोडून काही उरलं नसेल. आणि मग आलं, मी न बोलावता. लग्नाचं पहिलं वर्ष. आलापल्लीच्या लाकूड डेपोशेजारी आमचं क्वार्टर. कमला मूल तालुक्यातल्या धानाच्या गावातली, एवढं लाकूड तिने कधी पाहिलं नव्हतं. सागाचे गोल म्हणजे ओंडके ओळीने उन्हात मांडलेले, आणि प्रत्येकाच्या तोंडावर काळ्या रंगाने नंबर घातलेला. एक दिवस तिने लुगडं धुऊन त्या गोलांवरच वाळत घातलं. नवं, पिवळं, लग्नातलं. रंग ओला होता. मी गस्तीवरून आलो तर एका गोलाचा नंबर पुसलेला आणि पदरावर तो उलटा उमटलेला. मी घाबरलो, नोकरी नवी, साहेब दुपारी मोजणीला येणार. मी तिच्यावर ओरडलो. ती ऐकून घेत होती, आणि मध्येच पदर हातात घेऊन बघायला लागली. तो डाग कधी निघाला नाही, तिने काढायचा प्रयत्नही केला नाही. पुढे कितीतरी वर्षं आठवडी बाजाराला तेच लुगडं नेसून जायची, नंबर पुढे येईल असा पदर घेऊन, आणि कोणी विचारलं की माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, "सरकारी माल हाय मी. गार्ड ठेवला हाय वर. कोनाची हाय का हिंमत न्यायची?"

सोमारी हसत होती, पण आता आवाज न करता, डोळे पुसत. म्हणाली, "नंबर कोनता होता?" तिला वाचता येत नाही, तरी विचारलं. मी पदर डोळ्यांसमोर आणला. काळा, उलटा, एका बाजूला जरा फरफटलेला.

"एकशे सत्तेचाळीस," मी म्हणालो.